भिंतवालीची फुली

माझ्या आईला सगळे भिंतवाली म्हणतात. तिचं खरं नाव सरकारी कागदापुरतं उरलंय आणि तिथेही ती सही करताना क्षणभर थांबते.

वडील रंगारी होते. मी शाळेत असताना ते शिडीवरून पडले, कंबर गेली आणि पुढची कितीतरी वर्षं खाटेवर पडून छताकडे बघत राहिले. आईने त्यांची शिडी उचलली, ब्रश उचलले आणि त्यांच्या अर्धवट राहिलेल्या कामावर जाऊन उभी राहिली. घरमालक म्हणाला, "बाई शिडीवर चढली तर भिंत लाजेल हो."

आई म्हणाली, "लाजू दे की. लाजून गुलाबी झाली तर तुमचा तेवढाच रंग वाचेल."

त्या माणसाने हसत हसत काम दिलं आणि तिथून आईचं बस्तान बसलं. ती कुठल्याही घरात शिरली की आधी भिंतीला तळहात लावायची, तापलेल्या पोराच्या पाठीला लावावा तसा. ओल कुठे आहे, पोपडा कुठे सुटणार, सगळं तिला हाताला कळायचं. माणसांबद्दलची तिची मतंही भिंतींवरूनच ठरायची. खाटेमागे डोकं टेकून टेकून तेलकट डाग पडलेला दिसला की म्हणायची, "या घरात कुणीतरी फार विचार करतं." ओट्यामागची भिंत फारच स्वच्छ असली तर म्हणायची, "इथे एक तर सून सोशिक आहे, नाही तर स्वयंपाकच होत नाही." तिच्या त्या भिंतींवरच मी शिकले, पदवीधर झाले आणि माझं लग्नही झालं.

लग्न ठरलं तेव्हा माझ्या सासरची आतली खोली आईनेच रंगवून दिली. फिकट निळा रंग. सासूबाईंनी नखाने खरवडून बघितलं आणि म्हणाल्या, "काम चांगलं आहे हो विहीणबाई." सासूबाईंच्या तोंडून 'चांगलं' निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं. आई ते वाक्य महिनाभर घोळवत होती.

आमच्या भागात हिवताप काही नवा नाही. मच्छरदाण्या तर सगळ्यांकडे आहेत. धाग्यातच औषध मुरवलेल्या या मच्छरदाण्या आरोग्य केंद्रातून घरोघर वाटल्या गेल्या. सुरुवातीची वर्षं फार सुखाची गेली. सकाळी खाटेभोवती मेलेले डास पडलेले असायचे, केरसुणीने गोळा करायचे. मग हळूहळू केर कमी झाला. नंतर नंतर डास मच्छरदाणीवर निवांत बसलेले दिसायला लागले, चौकातल्या कट्ट्यावर म्हातारे बसतात तसे. आम्ही म्हणायचो, मच्छरदाणी जुनी झाली. नवी आणली तरी तेच. डासांना ते औषध अंगवळणी पडलं होतं.

माझं पहिलं मूल त्या तापात गेलं. पोटात असतानाच. मी मच्छरदाणीशिवाय एक दिवसही झोपले नव्हते, हे मी तेव्हा डॉक्टरांना सांगत होते, नर्सला सांगत होते, खोली पुसायला आलेल्या बाईलाही सांगत होते. आई माझ्या पायाशी बसून होती. माझ्या पायाचा अंगठा तिने घट्ट धरून ठेवला होता.

पुढे दीडेक वर्षाने घरोघर भिंतींवर औषध मारायला माणसं घेताहेत असं कळलं, त्याच दिवशी तिने हिवतापाच्या ऑफिसात जाऊन फवारणी पथकात नाव घातलं. या वयात पाठीवर पंप घेणार का, असं तिथल्या माणसाने विचारलं, तर म्हणाली, "भिंत आणि मी, आमची जुनी ओळख आहे." तिचा हात बघून त्यांनी घेतलीच. भिंतीपासून हातभर अंतर ठेवून, वरून खाली आणि खालून वर, एकाच वेगाने पट्टे ओढायचे, एक पट्टा दुसऱ्याला जरासा चाटून गेला पाहिजे. आई आयुष्यभर तेच करत आली होती, फक्त आता ब्रशाऐवजी नळी होती. अंगभर पोशाख, डोक्याला टोपी, डोळ्यांना चष्मा, तोंडाला पट्टी. पहिल्या दिवशी बिट्टीने, म्हणजे माझ्या मुलीने, तिला त्या अवतारात बघून भोकाड पसरलं होतं. बिट्टी तेव्हा नुकती बसायला लागली होती.

हो, बिट्टी झाली. ती झाली तेव्हा मी हसले नाही, मला नुसती धास्ती वाटली. तिच्या अंगावर एक लाल ठिपका दिसला की मी तिचं सगळं अंग उजेडात धरून तपासायची. डोळ्यांत तेल घालून मी मच्छरदाणी खोचायची, गादीखाली, चारी बाजूंनी. पण मूल झोपेत लोळतं. पाय जाळीला टेकतो. बाहेर बसलेल्या डासाला जाळीच्या भोकातून सोंड घालायला तेवढं पुरतं. पूर्वी जाळीवर बसला की तो मरायचा. आता मरत नव्हता.

म्हणून तर त्या वर्षी घरातल्या भिंतींवर दुसऱ्या जातीचं औषध मारायचं ठरलं. डासांना सवय नसलेलं. डास रक्त पिऊन जड झाला की भिंतीवर टेकतो. आत शिरता आलं नाही तरीही वाट बघत भिंतीवरच बसतो. तिथे त्याला गाठायचं. आणि मच्छरदाणी तशीच लावायची, कारण ती मारत नसली तरी अडवते.

हे लोकांच्या गळी उतरवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. एका दारात म्हणायचे, "मच्छरदाणी आहे ना, मग भिंती कशाला खराब करता?" आणि ज्यांनी भिंती मारून घेतल्या ते दुसऱ्या दिवशी मच्छरदाणी काढून माळ्यावर टाकायचे. आता औषध आहे ना, मग कशाला गरमीत झोपा! पथकप्रमुख माणूस चांगला, पण समजावायला लागला की त्याचं भाषण व्हायचं. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्याचं नाव शिट्टी. शिट्टीचं भाषण सुरू झालं की बायका दार लावून घ्यायच्या.

मग आईने आपली युक्ती काढली. दारात उभी राहून म्हणायची, "हे बघा, मच्छरदाणी म्हणजे घरातली सासू. म्हातारी झालीय, दात पडलेत, आता तिच्याच्याने कोणी मरत नाही. पण दारात बसून अडवते की नाही? आणि भिंतीवरचं औषध म्हणजे नवी सून. दमाची. आत शिरलेल्याला सोडणार नाही. दोघी एका घरात नांदल्या तरच तुमची पोरं वाचतील. सासू आहे म्हणून सुनेला दारात अडवू नका, आणि सून आली म्हणून सासूला माळ्यावर टाकू नका."

बायका खो खो हसायच्या. आतून एखादी सून ओरडायची, "मावशी, माळ्यावर टाकायचं परत एकदा सांगा!" आणि हसता हसता खाटा बाहेर यायच्या, भांडी बाहेर यायची, पोरं कडेवर घेऊन माणसं अंगणात यायची. आईची ही सासू-सुनेची गोष्ट पथकात इतकी चालली की शिट्टीही ती सांगायला लागला. त्याच्या तोंडून मात्र कोणी हसत नसे.

आमच्या गल्लीत पथक आलं त्या दिवशी मी सकाळपासून दारात उभी होते. मी घरात आधीच सांगून ठेवलं होतं आणि सासूबाई हो-नाही काहीच म्हणाल्या नव्हत्या. त्यांच्या मनात अढी होती. खूप वर्षांपूर्वी अशाच फवारणीनंतर त्यांची मांजर मेली होती आणि घरभर ढेकूण बाहेर पडले होते. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी त्या बोलत नसत. आपली विहीण पाठीवर टाकी बांधून दारोदार फिरते याची त्यांना लाज वाटायची. आजवर आई आमच्याकडे आली ती चांगले कपडे घालून, पाहुणी म्हणून. त्या पोशाखात ती पहिल्यांदाच दारात उभी होती.

आई बिचकली. मला कळत होतं. तिने टोपी काढली, परत घातली. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, विहिणी-विहिणींचं काय होतंय ते बघायला.

"या विहीणबाई," सासूबाई म्हणाल्या. "आज कामावर?"

"हो ना. तुमची आतली खोली आणि पुढची खोली मारून देते. पटकन होईल."

"तुम्हीच दिलेला रंग. आता तुम्हीच त्याच्यावर डाग पाडणार?"

"डाग पुसट असतात हो. मी हलक्या हाताने मारते."

"आणि मच्छरदाणी आहेच की घरात. तुमची लेक तर दिवसभर ती खोचतच असते."

इथे आईने काहीही म्हणायला हवं होतं. बिट्टीसाठी करा, एवढं जरी म्हणाली असती. पण ती घाबरलेली होती आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडून सवयीचंच निघतं. रोज शंभर दारांत सांगितलेली गोष्ट तिच्या जिभेवर बसलेली होती.

"अहो विहीणबाई," ती हसून म्हणाली, "मच्छरदाणी म्हणजे घरातली सासू..."

मी डोळ्यांनी खुणावलं. ती बघत नव्हती. म्हातारी झाली, दात पडले, तिच्याच्याने आता कोणी मरत नाही, सगळं तिने सांगितलं. नवी सून दमाची, तेही सांगितलं. शेवटी शेवटी तिला कळलं असावं, आवाज खाली गेला. पण अर्ध्यात थांबताही येईना.

समोरच्या दारातली बाई फिसकन हसली. बस्स.

"असं होय," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी थंड. "म्हणजे मी दात पडलेली. आणि तुमची लेक दमाची. शिकवून पाठवलंत वाटतं तसं? बरं झालं, आज दारात कळलं."

"विहीणबाई, तसं नाही हो, ही आपली सगळीकडे सांगायची..."

"सगळीकडे सांगता? आणखीनच छान. या घरात अजून ही म्हातारी दारात बसलेली आहे. अडवते म्हणालात ना? मग अडवते." आणि त्या उंबरठ्यावर खरोखरच बसल्या.

नवरा कामावर गेलेला. मी बिट्टीला कडेवर घेऊन सासूबाईंच्या मागे उभी. शिट्टीची शिट्टी पुढच्या वळणावर वाजली, म्हणजे पथक पुढे सरकलं होतं.

आता पथकाची एक पद्धत सांगायला हवी. घर झालं की दाराच्या चौकटीवर खडूने वर्तुळ काढून आत फुली मारतात. घर बंद असलं किंवा माणसं नाही म्हणाली की नुसतं मोकळं वर्तुळ. काही आठवड्यांनी दुसरं पथक येतं, ते फक्त मोकळी वर्तुळं बघत फिरतं आणि राहिलेली घरं उरकतं. कधी कधी मोठ्या साहेबांना बरोबर आणतं, समजावतं. मोकळं वर्तुळ सगळ्या गल्लीला दिसतं. या घराने नाही म्हटलं, हे ज्याला वाचता येत नाही त्यालाही वाचता येतं.

आईने खडू काढला. सासूबाईंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग तिने वर्तुळ काढलं आणि आत फुली मारली. नेहमीसारखी खाली एक आडवी रेघही ओढली आणि पंप सावरत निघून गेली. मला वाटलं, आलो होतो अशी काहीतरी खूण असेल. मी या घरात आल्यापासून पथक पहिल्यांदाच आलेलं, त्या खुणांचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. मी तिच्या पाठीकडे बघत राहिले. मला राग आला होता, तिचा आणि सासूबाईंचा, दोघींचाही.

पुढच्या दिवसांत सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. म्हणजे बोलायच्या, पण भिंतीला सांगितल्यासारखं. "दात पडलेल्यांना मऊ भात लागतो म्हणावं." नवऱ्याने मध्ये पडून बघितलं तर त्यालाही ऐकावं लागलं. तो म्हणाला, "थोडे दिवस जाऊ दे, निवळेल." निवळलं नाही. आणि बिट्टीला ताप आला.

पहिला ताप औषधाने उतरला. मी हुश्श केलं. मग दुसरा आला, थंडी वाजून, ओठ पांढरे. रक्त तपासलं, तोच. औषध दिलं, उतरला, पण पोर उभी राहायला शिकली होती ती परत बसायला लागली. भिंतीला धरून चालायची, तेही बंद. खेळणं हातात दिलं तर हातातून पडू द्यायची आणि पडलेल्याकडे बघतही नसे.

सासूबाई ते बघत होत्या. एका सकाळी मी उठले तर त्या आतल्या खोलीतली भांडी बाहेर काढत होत्या. एकट्या. खाट निम्मी दारातून बाहेर आलेली.

"बघतेस काय? धर की दुसरं टोक," त्या म्हणाल्या. "ते राहिलेल्या घरांचं पथक आज आपल्या गल्लीत आहे. पलीकडच्या बाईने सांगितलं. मारून जाऊ देत एकदाचं. रंगाचं काय, रंग पुन्हा देता येतो."

मला रडूच फुटलं. आम्ही दोघींनी खोली मोकळी केली. पेटी, गाद्या, बिट्टीचा पाळणा, सगळं अंगणात. बिट्टीला मांडीवर घेऊन सासूबाई बाहेर बसल्या आणि आम्ही वाट बघत राहिलो.

दोन माणसं आली. चौकटीकडे बघितलं आणि पुढे चालायला लागली.

"अहो, इकडे!" मी धावले. "आमचं राहिलंय."

"झालंय की ताई. फुली आहे."

"नाही झालं. आत येऊन बघा."

त्यातला एक परत आला, चौकट निरखून म्हणाला, "ही तर भिंतवालीची फुली. खाली आडवी रेघ आहे ना, ती तिचीच. तिच्या फुलीवर कोणी शंका घेत नाही ताई."

सासूबाई तिथूनच ओरडल्या, "अरे, भिंत तर बघ! डाग दिसतो का एक तरी?"

त्याने दारातून डोकावलं. "भिंत छान आहे काकू. रंग कोणी दिलाय?"

तो माणूस वाईट नव्हता. म्हणाला, मोकळ्या वर्तुळांपुरतंच औषध आज दिलंय, फुली पुसायचा आम्हाला अधिकार नाही, ऑफिसात सांगा. आणि ते गेले. अंगणात पेटी, गाद्या, पाळणा. सासूबाईंनी बिट्टीला छातीशी धरलं आणि मला विचारलं, "तुझ्या आईने असं का केलं?"

मी तशीच आईकडे गेले. वडील गेल्यापासून आई एका खोलीत एकटीच राहते. ती टोपी धूत होती. मी सांगितलं तसे तिचे हात पाण्यातच राहिले.

"मी येणार होते," ती म्हणाली. "तुझ्या सासूबाईंचा राग उतरला की स्वतः येऊन मारणार होते. शिट्टीची परवानगी काढून. रोज वाट बघत होते तू बोलावशील म्हणून."

"मग फुली का मारलीस?"

"मोकळं वर्तुळ काढलं असतं तर गल्लीभर झालं असतं. मग साहेब आले असते, चार लोकांत त्यांना समजावलं असतं. आणि मग तुझ्या सासूने उट्टं कोणावर काढलं असतं?"

"माझ्यावर! काढू दे ना! बोलणी खायची मला काय पहिलीच वेळ आहे? बोलणी खाऊन कोणी मरत नाही, आई!"

ती माझ्याकडे बघत राहिली. इतक्या घरांत शिरलेली बाई. मला एकदम दिसलं की ती घाबरते. माझ्या सासरच्या उंबरठ्याला ती घाबरते, लग्न ठरल्या दिवसापासून. आणि मी कधीच तिला सांगितलं नव्हतं की घाबरू नकोस.

ती उठली. ओल्या हातांनीच ऑफिसात गेली, मी मागे.

शिट्टी पेट्या बांधत होता. फेरी संपत आली होती. आईने सांगितलं, एक फुली खोटी आहे, माझी आहे. त्याला आधी थट्टाच वाटली.

"मावशी, काहीही काय!"

"खरं सांगते. माझ्या लेकीचंच घर."

तो खाली बसला. "तुम्हाला कळतंय का काय बोलताय ते? तुमची एक फुली खोटी म्हणजे तुमच्या सगळ्या फुल्या तपासाव्या लागणार. मी कोणाला तोंड दाखवू?"

"तपासा. पण आधी माझ्या नातीची खोली मारा."

"औषध कुठाय?"

"रिकामी पाकिटं झटकली तरी एका खोलीपुरतं निघेल."

"पाकिटं परत गेली, मावशी."

"मग टाकीत तळाशी..."

"टाक्या धुतल्या. तुम्हीच तर धुतल्यात." त्याने हातातली दोरी खाली ठेवली. "पुढच्या फेरीत तुमच्या लेकीचं घर पहिलं. शब्द देतो."

पुढची फेरी म्हणजे सहा महिन्यांनी. आईने त्याच्यापुढे हात जोडले. मला ते बघवेना. तिने कधी कोणापुढे हात जोडलेले मी पाहिले नव्हते, वडील पडले तेव्हाही नाही.

तपासणी झाली. प्रयोगशाळेतली मुलगी डबीत डास घेऊन आली. प्लॅस्टिकचे उलटे पेले भिंतीला चिकटवायचे, त्यात डास सोडायचे, थोडा वेळ भिंतीवर बसू द्यायचे, मग परत डबीत घेऊन दुसऱ्या दिवशी बघायचं. सासूबाई म्हणाल्या, "बाहेरचे कमी होते म्हणून घरचे आणलेत का?" पण म्हणताना त्यांच्या आवाजात जोर नव्हता. त्या मुलीने एक पेला आमच्या मच्छरदाणीलाही लावला.

आईच्या बाकीच्या सगळ्या भिंतींवरचे डास मेले. एकही फुली चुकलेली नव्हती. आमच्या भिंतीवरचे जिवंत राहिले. मच्छरदाणीवरचेही जिवंत. मुलीने डबी उजेडात धरून दाखवली. आत ते उडत होते, धडधाकट. बिट्टीपेक्षा त्यांच्यात जास्त जीव होता.

आईला पथकातून काढलं. शिट्टीने स्वतः घरी येऊन सांगितलं आणि दारातच बराच वेळ उभा राहिला. आई म्हणाली, "जा बाबा, तुझी चूक नाही."

तिसऱ्या तापात बिट्टीने डोळे फिरवले. आम्ही तिला दवाखान्यात नेलं तेव्हा तिच्या नखांत रंग नव्हता. रक्त चढवावं लागलं, नवऱ्याचंच जुळलं. तिचा हात इतका बारीक की सुईला शीर सापडेना. नर्स शोधत होती, सासूबाई तोंड फिरवून पुटपुटत होत्या आणि आई खाटेच्या पायथ्याशी उभी, भिंतीला पाठ लावून. दवाखान्यातल्या त्या भिंतीला तिने हात लावला नाही.

पोर तरली. चार घोट दूध प्यायली त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "घरी न्या. पण आता पुन्हा ताप यायला नको, तिच्यात तेवढी ताकद नाही. घरात फवारणी झालीय ना? मच्छरदाणी आहे ना?"

"मच्छरदाणी आहे," नवरा म्हणाला.

"आणि फवारणी?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला. "मग त्याच खोलीत नेऊन झोपवणार का तिला?"

दवाखान्याच्या पायऱ्यांवर आम्ही बसून राहिलो. कुठे न्यायचं? भाड्याने खोली घ्यायची तर त्या भिंतींचा काय भरवसा? नवरा नातेवाइकांची नावं घेत होता आणि एकेक आपणच खोडत होता. तेवढ्यात सासूबाईंनी आईला विचारलं, आईकडे न बघताच, "विहीणबाई, तुमच्या खोलीच्या भिंती मारलेल्या आहेत ना?"

"पथकातल्यांची घरं सगळ्यात आधी झाली," आई म्हणाली. "पण माझी एकच खोली आहे हो."

"किती माणसं मावतात?"

"कशीबशी तीन. आणि बिट्टी."

"मग तिघीच तर आहोत. हा झोपेल घरी, त्याला काय धाड भरलीय."

आई काहीतरी बोलायला गेली, बहुतेक त्या दिवसाबद्दल. सासूबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. "नंतर. पोरगी मोठी झाली की भांडू. तेव्हा मी सोडणार नाही."

तेव्हापासून आम्ही आईच्या खोलीत आहोत. सासूबाई दिवसा आपल्या घरी जातात आणि दिवेलागणीच्या आधी काखेत चादर मारून परत येतात. गल्लीतले विचारतात, कुठे निघालात, तर सांगतात, "विहिणीकडे माहेरपणाला." मच्छरदाणीची एक दोरी खिडकीच्या गजाला, एक दाराच्या कडीला, बाकीच्या दोन खिळ्यांना. खिळे सासूबाईंनीच ठोकले. आई म्हणाली, "भिंत पुसली जाऊ देऊ नका हं." "मी कशाला पुसू?" सासूबाई म्हणाल्या, "मी काय तुमच्यासारखी कामसू आहे?" खोलीत पाय ठेवायला जागा नसते. कोणी कूस बदलली तर तिघींना बदलावी लागते. आई सकाळी भिंतीच्या कडेने केर काढते आणि मेलेले डास सुपलीत घेऊन आम्हाला दाखवते. सासूबाई म्हणतात, "झालं, नाश्त्याला काही नको आता."

पण आज दिवस मावळताना बिट्टी दुधाला नको म्हणाली. नुसती मान फिरवली. मी तिच्या कपाळाला हात लावला. मला गरम लागलं. मी काही न बोलता आईचा हात ओढून तिथे ठेवला.

आईने तळहात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. "मला नाही कळत," ती म्हणाली. "अंग कोमट आहे. तिघींमध्ये झोपलीय, उकडलं असेल."

सासूबाईंनी मच्छरदाणीची कड उचलून हात आत घातला. "गार आहे," त्या ठामपणे म्हणाल्या. मग मानेखाली हात घातला, पोटावर ठेवला, तळपाय चाचपले. हात बाहेर काढून त्यांनी कड परत गादीखाली खोचली. "गार आहे," पुन्हा म्हणाल्या, पण या वेळी आईकडे बघून, विचारल्यासारखं.

दवाखाना सकाळी उघडतो. बोटातून रक्त घ्यायला पहिला नंबर लागावा म्हणून सासूबाई उजाडायच्या आधीच जाऊन बसणार आहेत. बिट्टी आता झोपली आहे. तिचा एक पाय जाळीला टेकतोय आणि आम्ही तिघी आळीपाळीने तो आत घेतोय.